पाटी, वही आणि आबांची चिठ्ठी : द्राक्षबागेत दोन सीझन वापरलेल्या डिजिटल वह्या

दोन वर्षांपूर्वी गाडीची डिकी साफ करताना १९ डुप्लिकेट बुकं निघाली. त्यातली चार पावसात भिजून एकमेकांना चिकटलेली, आणि एकाच्या कार्बन कॉपीवरचं सगळं उडून नुसते निळे डाग उरलेले. मी द्राक्षबागांना सल्ला देतो. सकाळी नाशिकहून निघायचं, दिंडोरी, मोहाडी, वणी, नाहीतर ओझर-पिंपळगाव करत निफाडकडे, सीझनला दिवसाला सात-आठ बागा होतात आणि प्रत्येक बागेत शेवटी एक चिठ्ठी लिहून द्यावी लागते, कुठलं औषध, किती पाण्यात किती, कधी मारायचं. वरचं पान शेतकऱ्याला, खालची कॉपी मला, वीस वर्षं हेच चाललंय. आता कुणी विचारलं की सर गेल्या साली आपण डावणीला, म्हणजे त्या बुरशीच्या रोगाला, काय मारलं होतं, तर त्या डिकीतून शोधून देणं म्हणजे... जाऊ द्या. मुलगी म्हणाली बाबा बास करा आता, लिहिलेलं सेव्ह होणारी पाटी घ्या.

तेव्हापासून चार प्रकार वापरून झाले. कंपन्यांची नावं लिहीत नाही, कारण प्रत्येकाचा एकेकच पीस माझ्याकडे होता आणि एका पिसावरून कुणाला नावं ठेवणं बरं नाही, पण कुठल्या प्रकाराबद्दल बोलतोय ते कळेल.

पहिली ती हिरव्या अक्षरांची काळी पाटी. रविवार कारंज्यावर खेळण्यांच्या दुकानात २०० रुपयाला टांगलेली असते तीच, पण सेव्ह होणारी, म्हणून महाग. ही पाटी मुळात अमेरिकेत ओहायोतल्या केंट डिस्प्लेज नावाच्या कंपनीने २०१० मध्ये बूगी बोर्ड म्हणून बाजारात आणली, आता सगळीकडे तशाच मिळतात. दोन प्लास्टिकच्या पातळ पत्र्यांमध्ये लिक्विड क्रिस्टलचा थर असतो, दाबलं की तेवढ्या जागी तो प्रकाश परत फेकायला लागतो म्हणून हिरवी रेघ दिसते, आणि बटण दाबलं की छोट्या सेलचा हलका झटका बसून सगळं परत काळं. रेघ टिकायला करंट लागतच नाही, फक्त पुसायला लागतो. डोकं आहे खरं! उन्हात दिसतंही बऱ्यापैकी.

पण पाटीला फक्त दाब कळतो, पेन कळत नाही. नखाची रेघ उठते, घड्याळाच्या पट्ट्याची उठते, घरी मिसेसने धरली तर बांगडीची उठते. आणि सेव्ह करणारा भाग खाली वेगळाच असतो, त्याला फक्त कंपनीचाच पेन कळतो. मोहाडीला एका बागेत पेन गाडीत राहिला म्हणून मी काडीने लिहिलं, पाटीवर छान दिसलं, फोनमध्ये बघतो तर कोरं पान. म्हणजे डोळ्याला दिसतंय ते एक आणि साठवलंय ते दुसरंच, माझ्या मते या प्रकारातली सगळ्यात मोठी चूक हीच. वर सेव्हचं आणि पुसायचं बटण शेजारी शेजारी, दोन्ही एकाच आकाराची, अंगठ्याला फरक कळत नाही. हे ज्याने डिझाइन केलं त्याने बागेत उभं राहून एका हातात पाटी आणि दुसऱ्या हातात घड धरून ती कधी वापरली नसणार. तीन आठवडे वापरली, आता भाचा त्यावर फुली-गोळा खेळतो, तो खूश आहे.

दुसरा प्रकार म्हणजे परत परत वापरायची वही. कागद गुळगुळीत प्लास्टिकसारखा, त्यावर उष्णतेने पुसल्या जाणाऱ्या शाईचा पेन चालवायचा, फोनने पानाचा फोटो काढला की ॲप तो सरळ करून पीडीएफ बनवतं, मग ओल्या फडक्याने पान पुसायचं की वही परत कोरी. स्वस्तातलं काम, चार्जिंगची भानगड नाही, लिहितानाही कागदाच्या जवळचं वाटतं. फक्त शाई वाळायला दहा-पंधरा सेकंद घेते आणि तेवढा दम मला नाही, त्यामुळे सगळीकडे तळव्याचे फराटे.

तर एप्रिलमध्ये खरड छाटणीच्या, म्हणजे काढणीनंतरच्या उन्हाळी छाटणीच्या, टायमाला वणीकडे होतो, वही डॅशबोर्डवर टाकली, काचा बंद, दोन तास बागेत गेलो. परत येऊन उघडतो तर सकाळपासूनची पाच पानं साफ कोरी. एक अक्षर नाही. आधी वाटलं कुणी वही बदलली की काय! नंतर डोक्यात ट्यूब पेटली, ही शाई साधारण ६० अंशाला पारदर्शक होते, आणि एप्रिलच्या दुपारी बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तेवढं तापायला काय लागतं. शाई जात नाही, तिथेच असते, फक्त दिसत नाही. आणि गंमत म्हणजे उणे १० च्या खाली नेली की परत दिसायला लागते. आमच्या निफाडला थंडीत पारा चार-पाचावर आला की टीव्हीवर बातमी येते, पण या शाईला तेवढ्याने काही होत नाही. मग काय, घरी येऊन वही कॅरीबॅगमध्ये गुंडाळली आणि फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीखाली ठेवली. सकाळी काढली तर अक्षरं आली होती परत, फिकी पण वाचता येण्यासारखी. पाचही पानांचे फोटो काढले तेव्हा कुठे जिवात जीव आला. मिसेस अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, आमच्याकडे द्राक्षाच्या वह्या डीप फ्रीझमध्ये असतात.

चूक माझीच होती, फोटो तिथल्या तिथे काढायला हवे होते. पण ज्या वहीत सेव्ह करणं हे लिहिण्यापासून वेगळं, आठवणीने करायचं काम आहे, ती वही घाईतल्या माणसाची नाही. एसी क्लासमध्ये बसणाऱ्या पोरांना एकदम भारी.

आता तिसरा प्रकार, ज्यावर मी साडेतेहेतीस हजार घातले आणि जो अजून वापरतोय. ई-इंकची वही, १०.३ इंची स्क्रीन. किंडल ज्यांनी बघितलंय त्यांना स्क्रीन माहीत आहे, तीच जात, फक्त वर लिहिता येतं. हे तंत्र अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमधून निघालं, १९९७ मध्ये ई इंक नावाची कंपनी झाली. आत केसाच्या जाडीच्या बारीक कुप्या असतात, प्रत्येकीत पांढरे आणि काळे कण, दोघांचा चार्ज उलटा. वरून जसा करंट द्याल तसे काळे नाहीतर पांढरे वर येतात आणि करंट बंद केला तरी तिथेच बसून राहतात. म्हणून बॅटरी दिवसेंदिवस चालते, माझी सीझनमध्ये आठवडाभर आरामात जाते. मागून लाइट मारायची गरज नाही, ऊन जितकं जास्त तितकं स्वच्छ दिसतं. फोनची स्क्रीन मांडवाबाहेर आलं की काळी ठिक्कर होते आणि मग माणूस हाताची झोपडी करून बघतो, ते सगळं इथे बंद. नुसत्या या एका गोष्टीसाठी मी याला पाचपैकी पाच दिले असते.

पेनात सेल नाही हे मला बरेच दिवस पटेना. जपानच्या वाकॉम कंपनीने आणलेलं ईएमआर नावाचं तंत्र आहे. स्क्रीनच्या मागे तारांची जाळी असते, ती लहरी सोडते, पेनातली कॉइल त्या लहरींवरच जगते आणि उलट सिग्नल देते, मग जाळीला कळतं पेन नेमका कुठे आहे आणि किती दाबलाय. त्यामुळे तळवा टेकला, घामाचा हात लागला, बाही घासली, कशाने रेघ उठत नाही. ज्या पाटीवर बांगडीची रेघ उठायची तिथून इथे आल्यावर स्वर्गच वाटला हो.

रेघ पेनामागे अगदी किंचित उशिरा येते. इंग्रजी लिहिताना जाणवत नाही, मराठीत जाणवते, आणि त्याला कारण शिरोरेषा. आपण आधी अक्षरं काढतो आणि मग शब्दावरून एक लांब रेघ ओढतो, ‘कॅल्शियम’वर ती रेघ ओढताना पेन पुढे आणि शाई मागून पळत येतेय असं दिसतं, जसं काही बैल पुढे गेला आणि गाडी मागे राहिली. पहिले आठ दिवस मी रेघ दोनदा ओढायचो कारण वाटायचं उठलीच नाही. मग सवय झाली. आता खरं सांगायचं तर मी शिरोरेषा देणंच सोडलंय, शाळेतल्या बाईंनी बघितलं असतं तर पट्टी खाल्ली असती.

पेनाचं टोक झिजतं, कारण स्क्रीन मुद्दाम खरखरीत केलेली असते, नाहीतर काचेवर लिहिल्यासारखं पेन घसरतं. माझं अक्षर दाबून, त्यात स्क्रीनवर बागेतली धूळ बसलेली असायची, म्हणजे पॉलिश पेपरवरच लिहितोय म्हणा. एक टोक दोन महिने पुरलं. डब्यात जादा टोकं होती, ती संपली आणि एमजी रोडवर चार दुकानं फिरलो, तीन जणांना मी काय मागतोय तेच कळेना, चौथा म्हणाला ऑनलाइन मागवा साहेब, आम्ही ठेवत नाही. हे ध्यानात ठेवा, जे काही घ्याल त्याची टोकं आणि कव्हर आपल्या गावात मिळतात का ते आधी विचारा.

पेन कडेला चुंबकाने चिकटतो, जाहिरातीत किती सुंदर दिसतं ते. बागेत लोखंडी अँगल असतात, वरून तारा. एकदा वही काखेत धरून मांडवाखाली वाकलो, सरळ झालो तर पेन गायब. चिखलात शोधला, वाफ्यात शोधला, दोन मजूर लावले. शेवटी एका पोराने दाखवला, अँगलला चिकटून ऐटीत उभा होता आपला पेन. तेव्हापासून पेनाला लाल दोरा बांधलाय, दिसायला गावठी दिसतं पण साडेतेहेतीस हजाराच्या वस्तूला दोरा ओवायला साधं भोक ठेवायला कंपनीचं काय जात होतं?

दुसरं असं की पेन जरी तळव्याला दाद देत नसला तरी पानं उलटायला बोटाचा टच वेगळा असतो, आणि टचला पाणी आणि बोट यातला फरक कळत नाही. डिसेंबरात सकाळी सातला बागेत गेलं की पानांवरून दहिवर टपकतं. तीन थेंब स्क्रीनवर पडले की वही आपोआप पानं उलटायला लागते, मी एकाच्या बागेचं लिहायला सुरुवात केली आणि वाक्य संपलं दुसऱ्याच्या बागेच्या पानावर. मग कळलं की टच बंद करता येतो, पण ते सेटिंगच्या पोटात तिसऱ्या पायरीला ठेवलंय. असली गोष्ट बाहेर बटणावर हवी. तर्रीचा डाग मात्र निघतो, एका मिसळीच्या टेबलावर प्रयोग होऊन गेलाय, ओल्या फडक्याने पुसला, काही झालं नाही.

आणि गरमी. पत्रकात लिहिलंय शून्य ते ३५ अंशात वापरा. ३५ म्हणजे आमच्याकडे मार्च सुरू झाला की संपलं. एप्रिलमध्ये चालते, पण पान बदलताना आधीच्या अक्षरांची सावली जास्त राहते आणि एकदा तर अर्धं पान करडं पडून बसलं, सावलीत झाडाखाली पाच मिनिटं ठेवल्यावर माणसात आलं. आता पाण्याच्या बाटलीच्या थर्मलच्या पिशवीत ठेवतो.

इथपर्यंतच्या सगळ्या तक्रारी मी माफ केल्या असत्या. खरी गोष्ट पुढे आहे.

या वह्यांची जाहिरात असते की तुमचं हस्ताक्षर टाइप केलेल्या मजकुरात बदलून मिळेल. माझ्या वहीला इंग्रजी येतं, आणखी बऱ्याच भाषा येतात, मराठी येत नाही. ठीक आहे, मला मजकूर नकोच होता, चित्र असलं तरी पीडीएफ जातेच की. पण मुलीने हौसेने एकदा चिठ्ठी कन्व्हर्ट करून बघितली, कारण औषधांची नावं मी इंग्रजीत लिहितो. नावं बऱ्यापैकी आली. आकडे मी मराठीत लिहितो, वीस वर्षांची सवय. जीएचा, म्हणजे जिबरेलिक ॲसिड या वाढीच्या औषधाचा, पहिला हात होता, पोपटी अवस्थेतला, म्हणजे कोवळे घड पोपटी दिसतात तेव्हाचा, १० पीपीएम, म्हणजे १०० लिटर पाण्याला १ ग्रॅम. वहीने त्याचं काय केलं असेल? मराठी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो ना! पडद्यावर आलं ९० पीपीएम, आणि खाली १०० लिटरचं झालं ९०० लिटर. चार ग्रॅम लिहिलेलं आठ ग्रॅम झालं, कारण आपला ४ म्हणजे वरून उघडा राहिलेला इंग्रजी आठच.

मुलगी हसत होती, मला घाम फुटला. पोपटीला ९० पीपीएम मारलं तर त्या घडांचं वाटोळं, वर्षाचं पीक गेलं आणि माझं नाव गेलं ते वेगळंच. आणि वहीला जराही शंका नाही, लाल रेघ नाही, प्रश्नचिन्ह नाही, ठणठणीत ९० छापून मोकळी. न वाचता आलेली जागा कोरी सोडली असती तर मला कळलं असतं. फोनच्या कीबोर्डला देवनागरी हस्ताक्षर कळायला लागून कितीतरी वर्षं झाली, म्हणजे न जमण्यासारखं काही नाही, कुणाला करायचं नाही एवढंच. ज्याला डोस, मापं, हिशोब लिहायचे असतील आणि आकडे मराठीत असतील त्याने ते कन्व्हर्टचं बटण बघायचं पण नाही, हे माझ्याकडून ठळक अक्षरात समजा. मी तेव्हापासून डोस आकड्यात लिहून शेजारी अक्षरातही लिहितो, चेक लिहिल्यासारखं. ही सवय खरं तर आधीपासून पाहिजे होती.

दुसरी गोष्ट शोधण्याची. वहीत फाइली तारखेने लागतात. आता आमच्या धंद्यात तारखेला कुणी विचारत नाही, बाग किती दिवसांची झाली हे विचारतात. दिवस मोजायचे ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून, म्हणजे फळासाठीच्या छाटणीपासून, आणि प्रत्येकाची छाटणी वेगळ्या दिवशी. एकाची बाग आज ३२ दिवसांची, शेजारच्याची १९ दिवसांची, दोघांच्या चिठ्ठीवर तारीख एकच. मला बघायचं असतं की याच प्लॉटला गेल्या वर्षी ३२व्या दिवशी काय परिस्थिती होती, भुरीची बुरशी होती का, घड जिरले, म्हणजे वाढायच्या आधीच विरून गेले होते का. ते तारखेच्या यादीतून कसं निघणार? तर मुलीने एक छापील नमुना बनवला, वरती प्लॉट, छाटणीची तारीख, दिवस, असे चौकोन, खाली रेघा. ती पीडीएफ वहीत टाकली आणि प्रत्येक प्लॉटची एक वही केली, एका पानावर एक दिवस. आता गेल्या वर्षीचं ३२व्या दिवसाचं पान अर्ध्या मिनिटात निघतं. वहीचा मला झालेला सगळ्यात मोठा फायदा हा, आणि तो कंपनीने नाही, घरच्या पोरीने करून दिला. युरोपला माल जाणाऱ्या बागांना फवारणीच्या नोंदी दाखवाव्या लागतात, तिथे पण ही पानं कामाला आली.

आता आबा. दिंडोरीच्या पुढे त्यांची चार एकर थॉमसन जातीची द्राक्षबाग आहे, वय सत्तरीच्या पुढे, माझे सगळ्यात जुने शेतकरी. नवी वही घेऊन पहिल्यांदा गेलो, बाग फिरलो, ऐटीत लिहिलं, पीडीएफ व्हॉट्सॲपला टाकली आणि निघालो. आबा तिथेच उभे.

“चिठ्ठी?”

“पाठवली ना आबा, फोनवर.”

“फोन पोराकडं ऱ्हातो, पोरगा नाशकात. दुकानदाराला काय दाखवू?”

मी डिकीतून जुनं डुप्लिकेट बुक काढलं आणि तेच सगळं परत हाताने लिहून दिलं. आबांनी घडी घातली, टोपीत ठेवली आणि म्हणाले, “हां, आता कसं.” तिथून कृषी सेवा केंद्रात ती चिठ्ठी काउंटरवर ठेवायची, दुकानदार त्यावर टिकमार्क करत बाटल्या काढतो, मग ती चिठ्ठी फवारणीच्या टाकीजवळ गड्याच्या हातात जाते, निळी होते, भिजते, आणि शेवटी आबांच्या पिशवीत. म्हणजे तो कागद चार हातांतून फिरतो. माझी वही ते पान मला ठेवून घेते, दुसऱ्याला फक्त त्याचं चित्र देते. ज्यांनी वही बनवली त्यांच्या डोळ्यासमोर एकटा माणूस टेबलाशी बसून स्वतःसाठी लिहितोय. डॉक्टर, वायरमन, गॅरेजवाला, आम्ही, आमच्या सारख्यांचं लिहिणं दुसऱ्याला देण्यासाठीच असतं, हे त्यांच्या ध्यानातच आलेलं दिसत नाही.

मधे एक बिलाचा छोटा ब्लूटूथ प्रिंटर पण घेऊन झाला. १०.३ इंचाचं पान दोन इंची पट्टीवर छापलं की अक्षर मुंगीएवढं. आणि तो कागद गरमीनेच काळा होणारा, आबांच्या टोपीत दोन दिवस राहिला तर चिठ्ठी वाचायची की आबांचा ताप मोजायचा असा प्रश्न. परत केला.

शेवटी चौथा प्रकार मिळाला, जुनाच आहे पण मला उशिरा कळला. यात स्क्रीनच नाही. नुसती पातळ पाटी, आत तीच ईएमआरची जाळी, वर कुठलीही कागदाची वही ठेवायची आणि पेनात खरी शाई. कागदातून लहरी आरपार जातात, तुम्ही कागदावर लिहिता आणि खाली पाटी त्याच रेघा साठवत जाते, संध्याकाळी फोनला जोडली की सगळी पानं उतरतात. वाकॉमनेच २०१५-१६ च्या सुमाराला बांबू नावाने असल्या पाट्या काढल्या होत्या, माझी दुसऱ्या एका कंपनीची, ऑनलाइन घेतलेली, ई-इंकच्या पाव किमतीत. कागद फाडून आबांना, नक्कल मला, म्हणजे माझं वीस वर्षांचं डुप्लिकेट बुकच, फक्त कार्बन विजेचा.

हिचा पण एक घोळ सांगतो. पान उलटलं हे पाटीला कळत नाही, बटण दाबून सांगावं लागतं. पहिल्याच दिवशी मी विसरलो, आणि रात्री फोनमध्ये बघतो तर सात बागांच्या चिठ्ठ्या एकावर एक, जसा काही लग्नाच्या रुखवतातला विणकामाचा नमुना. कागद गेलेले, आता वाचायचं कसं? पण ॲपमध्ये रेघा ज्या क्रमाने ओढल्या त्या क्रमाने परत चालवून बघता येतात, सिनेमासारखं, तर मी रात्री दीड वाजेपर्यंत स्वतःचंच अक्षर उमटताना बघत सात चिठ्ठ्या सुट्या केल्या. आता क्लिपबोर्डवर खडूने लिहून ठेवलंय, बटण दाब. वही जाड असेल तर खालची पानं अडसर होतात आणि रेघ फिकी येते, म्हणून पन्नास पानीच वापरतो.

तर सध्या असं चाललंय की बागेत कागदाची पाटी, आणि रात्री घरी ती पानं प्लॉटप्रमाणे ई-इंकच्या वहीत टाकतो, त्यावर दुसऱ्या दिवशीचं माझं माझं लिहितो. दोन वस्तू, दोन चार्जर, दोन पेन, आणि अदलाबदल झाली की चालत नाहीत. दोघींचं एकच यंत्र कुणी काढलं, वर कागद लावला तर कागदाची आणि काढला तर ई-इंकची, मराठी आकडे कळणारं, पेनाला भोक असलेलं, ४२ अंशाला न रुसणारं, तर मी उद्या घेईन. तोवर ई-इंकला माझे पाचपैकी साडेतीन, अर्धा मार्क मुलीच्या नमुन्याचा धरून, आणि कागदाच्या पाटीला चार. घेण्याआधी एकच काम करा, दुकानात असेल नाहीतर मित्राची असेल, तिच्यावर तुमच्या धंद्यातलं एक खरं पान लिहून बघा, डेमोतलं फूल काढत बसू नका.

फेब्रुवारीत काढणीच्या वेळी आबांकडे गेलो होतो, माल चांगला आला होता, चहा झाला. मी फुशारकीत गेल्या सालचं ३२व्या दिवसाचं पान काढून दाखवलं. आबांनी बघितलं, मान हलवली, आत गेले आणि खताच्या गोणीच्या कापडात बांधलेलं एक गाठोडं घेऊन आले. रबर लावून सालवार चिठ्ठ्या. माझ्या पहिल्या वर्षाची पण होती, कडा खाल्लेली, अक्षर स्वच्छ. माझ्याकडे ती कुठेच नाही. म्हणलं आबा, फोटो काढून घेऊ का सगळ्यांचे, ते म्हणाले घ्या की. ओट्यावर एकेक मांडून ६३ फोटो काढले. त्यातल्या तीन चिठ्ठ्या माझ्या अक्षरातल्या नव्हत्या आणि तारखा याच सीझनच्या होत्या. आबा चहाचे कप उचलत होते, मी त्या तीन चिठ्ठ्यांचेही फोटो काढले, बोललो काही नाही.